देवबागची नवी होडी आणि मशीनचा प्रश्न : प्रकल्प नोंदी

४ मे २०२५

काकांची लाकडी होडी या पावसाळ्यानंतर पाण्यात जाणार नाही. तळाच्या फळ्या मऊ पडल्यात, आणि त्या बदलून देणाऱ्या सुतारानं आता काम सोडलंय. नवी होडी फायबरची, २४ फुटी, मालवण तालुक्यातल्याच एका शेडमध्ये साच्यावर होणार. पावसात काम, नारळी पौर्णिमेच्या आसपास ताबा. होडी ठरवायला काकांना अर्धा तास पुरला. मशीन ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात मेकॅनिकलचा डिप्लोमा माझा, आणि रविवारी कुडाळहून मी घरी असतोच.

आत्ताचं मशीन ९.९ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावायचं. ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, धूर भरपूर, पण दोरी ओढली की सुरू. काका मशीनवर खूश आहेत. नाखूश आहेत ते पेट्रोलच्या बिलावर. पेट्रोल शंभराच्या वर, आणि बांगडा कमी मिळालेल्या दिवशी बिल तेवढंच.

कामाचं स्वरूप लिहून ठेवतो, कारण पुढचा सगळा हिशेब यावरच आहे. पहाटे निघायचं, तासाभरात जागेवर पोचायचं, कांडाळ (पाण्यात उभं सोडायचं जाळं) सोडायची, मशीन बंद करून थांबायचं, जाळं ओढायचं, परत. होडीत माणसं दोन : काका आणि त्यांचा जोडीदार. मशीन दिवसाला तीन तासांच्या आसपास चालतं. ट्रॉलिंग (मशीननं जाळं ओढत नेणं) नाही, लांबचा पल्ला नाही.

गावात सल्ले फुकट आहेत. एक म्हणतो २५ घे, दुसरा म्हणतो ४० घे, तिसरा म्हणतो डिझेल बसव आणि मोकळा हो. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "अश्वशक्ती मगे बघ. आदी सांग, होडी रातीची खय रवतली?"

११ मे २०२५

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज खाडीच्या मुखावर गेलो. उद्या पौर्णिमा, म्हणजे उधाणाचे दिवस. ओहोटी सगळ्यात खाली जाते ती अशाच वेळी.

देवबाग न पाहिलेल्यांसाठी : पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्ली खाडी, मधे माडांची अरुंद पट्टी आणि त्यावर गाव. दक्षिणेला पट्टी संपते तिथं खाडी समुद्राला मिळते, पलीकडे भोगवे. होडी ठेवायला म्हणून दोनच जागा. समुद्राच्या बाजूला वाळूवर ओढून, किंवा खाडीत नांगरून. वाळूवर ठेवली तर रोज ओढायची. खाडीत ठेवली तर रोज मुखातून जायचं-यायचं, आणि मुखावर वाळूचा बांध आहे.

संध्याकाळच्या ओहोटीला बांबूवर फुटाच्या खुणा करून होडीतून पाणी मापलं. वाट म्हणून जी वापरतात तिच्यात सगळ्यात उथळ जागी अडीच फूट. लाट खाली बसते तेव्हा त्याहूनही कमी. बाजूला दहा वावांवर तर माणसं घोट्याएवढ्या पाण्यात शिंपले वेचत होती. शिवाय ही वाट दर पावसाळ्यानंतर सरकते, यंदाची पुढच्या वर्षी तिथं असेलच असं नाही.

अडीच फूट हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहिलाय.

१८ मे २०२५

आज कागदावरचं काम. होडी २४ फूट, पाण्यात बसणारी लांबी २२ धरली. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला लांबीनुसार मर्यादा पडते : फुटातल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. २२ चं वर्गमूळ ४.७, म्हणजे ६.३ नॉट, ताशी साडेअकरा किलोमीटर. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि मशीन कितीही मोठं लावलं तरी पेट्रोलच जास्त जळतं. रिकामी फायबर होडी ४० अश्वशक्तीवर पाण्यावर उचलली जाते हे खरं, पर्यटकांच्या बोटी तशाच पळतात. पण काकांच्या होडीत जाळं असणार, बर्फ असणार, दोन माणसं, आणि नशीब असेल तर मासळी. सगळं मिळून सव्वा-दीड टन. ती उचलायला मोठं मशीन आणि त्याला पुरेसं पेट्रोल घ्यायचं, तर बांगड्याच्या भावात ते बसत नाही.

एवढ्या वजनाला शांत पाण्यात ६ नॉटसाठी पंख्यावर (प्रॉपेलरवर) पाच-सहा अश्वशक्ती पुरते. वारा तोंडावर आला, मुखावर लाट उभी राहिली, तर दुप्पट हवी. म्हणजे दहा ते पंधरा. पंचवीस-चाळीसचा विषय इथंच संपला.

आणखी एक गणित काकांना दाखवलं. लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या हिशेबात वाढते. ६ ऐवजी ५ नॉटनं गेलं तर शक्ती ५८ टक्क्यांवर येते. वेळ वीस टक्के जास्त लागतो. तरी फेरीचं इंधन तीस टक्क्यांच्या आसपास वाचतं. नवीन मशीन न घेताही. काका म्हणाले, लिलावाला उशिरा पोचलो तर तेवढेच पैसे तिथं जातात. तेही बरोबर. जाताना सावकाश, येताना जोरात, असा तह झाला.

इंधनाचे ठोकताळे, दर अश्वशक्ती-तासाला : जुन्या पद्धतीचं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक अर्धा लिटर, फोर-स्ट्रोक पेट्रोल एक तृतीयांश लिटर, डिझेल पाव लिटर किंवा थोडं कमी. सहा अश्वशक्ती आणि तीन तास धरले तर दिवसाला ९ लिटर पेट्रोल, ६ लिटर पेट्रोल किंवा साडेचार लिटर डिझेल. डिझेल लिटरमागेही स्वस्त. कागदावर डिझेलला तोड नाही.

२६ मे २०२५

पाऊस लागला. मान्सून परवा केरळात आणि काल थेट देवगडपर्यंत. मे महिना संपायच्या आत. मासेमारीबंदी कागदोपत्री १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, पण दर्यानं ती आधीच लावली. किनाऱ्यावर सगळ्यांची एकच धावपळ.

काकांची जुनी होडी आज शेवटची वर काढली. खाली ओंडके घालून, दोन्ही बाजूंनी माणसं, तालावर जोर. पूर्वी हाक मारली की पंधरा जण यायचे. आज होमस्टेवर आलेले दोन पाहुणे हौसेनं हात लावायला आले म्हणून होडी हलली. गावातले हात मुंबई-पुण्याला गेलेत किंवा पर्यटनाच्या बोटींवर आहेत. दुसरी अडचण दगडांची. किनारा खचतोय म्हणून समुद्राच्या बाजूनं बंधाऱ्याचे दगड टाकलेत. त्यांनी घरं वाचतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण होड्या चढवायला मोकळी वाळू राहिली आहे ती मोजक्या फटींमध्ये, आणि त्या फटींत आधीच गर्दी.

काका ओल्या अंगानं ओट्यावर बसून म्हणाले, "पोरगे मुंबैक. सकाळ-संध्याकाळ होडी वडूक माणसा खयसून हाडतलंस?"

म्हणजे रोजची जागा खाडी. वाळूवर फक्त पावसाळ्यात, वर्षातून एकदा. मशीनच्या निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय आज झाला, आणि त्यात मशीनचा शब्दही नव्हता.

८ जून २०२५

डिझेल इनबोर्ड, म्हणजे होडीच्या आत कायमचं बसवलेलं इंजिन. यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इंधनाचा हिशेब त्याच्याच बाजूचा आहे आणि होडी खाडीत नांगरणार म्हटल्यावर ते शक्यही झालं.

बाजूनं बोलणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सिंगल सिलिंडर डिझेलचं काम शेतातल्या पंपाएवढं ओळखीचं. कुडाळात कुठलाही मेकॅनिक उघडतो. गिअरबॉक्सनं फेरे निम्मे केले की चौदा-पंधरा इंची मोठा पंखा सावकाश फिरवता येतो, आणि सावकाश फिरणारा मोठा पंखा भरल्या होडीला छोट्या वेगवान पंख्यापेक्षा चांगला रेटतो. पेट्रोलची वाफ होडीच्या तळाशी साचून पेट घेण्याची भीती नाही. डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा यांत्रिक नौकांना मच्छीमार सोसायटीमार्फत मिळतो. (काका : "परतावो येतलो तेवा येतलो.")

आता वजन. इंजिन, गिअर, शाफ्ट, बैठक धरून दीडशे किलोच्या पुढे, आणि ते होडीच्या मधोमध कायमचं. जाळं पसरायची जागा तेवढी गेली. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथं स्टर्न ट्यूब (शाफ्टची नळी) आणि ग्लँड (पाणी अडवणारी जोडणी). तिथलं पॅकिंग ढिलं पडलं की थेंब थेंब पाणी आत. नांगरलेल्या होडीत रात्रभर थेंब म्हणजे सकाळी बादल्या. हे सगळं सांभाळता येतं, सांभाळणारे आहेत.

पण चौदा इंची पंखा, त्याच्या वर मोकळी जागा, खाली त्याला वाचवणारी लोखंडी टाच, आणि हे सगळं भरल्या होडीच्या तळाखाली. बेरीज केली तर पाण्याखाली सव्वादोन ते अडीच फूट. पहिल्या पानावरचा आकडाही अडीच. म्हणजे उधाणाच्या ओहोटीला होडी एकतर मुखाच्या आत अडकणार किंवा बाहेर ताटकळणार. भरतीची वाट बघत तासभर बाहेर उभं राहायचं आणि बर्फ वितळताना पाहायचं, हे काकांना सांगायची माझी छाती नाही.

त्यात जाळ्याचा प्रश्न. कांडाळ लावणाऱ्याचं जाळं कधी ना कधी पंख्यात जातंच. आऊटबोर्ड असेल तर मशीन वर उचलायचं, सुरीनं कापून मोकळं करायचं. इनबोर्डला सुरी तोंडात धरून पाण्यात उतरावं लागतं. काका साठी ओलांडलेले आहेत.

२२ जून २०२५

पंखा वर उचलता येईल असं डिझेल मिळालं तर? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आठवडाभर वाचन केलं. उत्तर पूर्व किनाऱ्यावर चाळीस वर्षांपूर्वीच शोधलेलं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा बे ऑफ बेंगाल प्रोग्रॅम १९७९ मध्ये मद्रासहून सुरू झाला. आंध्र-तमिळनाडूच्या उघड्या किनाऱ्यावर बंदरं नाहीत. लाट फुटते तिथूनच आत जायचं आणि वाळूवरच परत यायचं. तिथल्या होड्यांसाठी ओयविंड गुलब्रॅन्डसेन या नॉर्वेजियन नौका-रचनाकारानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वाळूवर उतरणारी होडी आणि तिच्यासाठी उचलता येणारा पंखा तयार केला. त्याला बॉब ड्राईव्ह म्हणतात. छोटं डिझेल इंजिन आणि शाफ्ट एकाच रेषेत एका चौकटीवर बसवलेले. चौकट मधे टेकूवर झुलते. इंजिनाची बाजू खाली दाबली की शाफ्टचं मागचं टोक पंख्यासह वर येतं. शाफ्ट तळातून बाहेर पडतो तिथं जाड रबराची घडीची नळी, त्यामुळे हालचाल होते पण पाणी आत येत नाही. वाळू जवळ आली की पंखा वर, होडी सपाट तळावर सरकत किनाऱ्याला.

इतकं साधं आणि इतकं बरोबर डिझाईन मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. आमच्या मुखासाठीच कुणी काढलंय असं वाटलं. रेखाचित्र काढून होडीवाल्याच्या शेडमध्ये गेलो. त्यानं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, साचा कोण बदलणार? ही रचना होडीच्या तळात आधीपासून हवी. तयार साच्यातल्या होडीत मागाहून भोक पाडून ती बसत नाही. रबराची नळी फाटली तर ती इथं कोण देणार, हा त्याचा दुसरा प्रश्न. पूर्व किनाऱ्यावर ते बनवणारे, दुरुस्त करणारे आहेत किंवा होते. मालवणात एकच अशी होडी असली तर तिचा प्रत्येक सुटा भाग माझ्याच गळ्यात.

याच संदर्भात केरळचा इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प आठवला, १९५३ चा. तिथंही आधी स्थानिक होड्यांत इंजिन बसवून पाहिलं, जमेना, मग इंजिनासाठी नव्या बांधणीच्या होड्या केल्या. होडी आणि मशीन एकत्रच ठरवायला हवं. आपण होडी ठरवून बसलोय. बॉब ड्राईव्ह बाजूला ठेवलं. कागद मात्र जपून ठेवलेत.

६ जुलै २०२५

लाँग-टेल. पूर्व किनाऱ्यावरचंच दुसरं उत्तर : ग्रीव्हज लोंबार्डिनीसारखं हवेवर थंड होणारं छोटं डिझेल इंजिन मागच्या फळीवर, त्याला लांब दांडा, दांड्याच्या टोकाला पंखा. उथळ पाण्यात दांडा वर. स्वस्त, दणकट, इंधन कमी. पण दांडा होडीच्या मागे लांब बाहेर, जाळं त्याच्यात अडकायला मोकळं, आणि वळवायचं तर सगळं इंजिन खांद्याच्या जोरावर फिरवायचं. काकांचा उजवा खांदा आधीच दुखतो. आवाजाबद्दल तर बोलायलाच नको. बाद.

बॅटरी. चुलतभावानं मुंबईहून व्हिडिओ पाठवला होता म्हणून हिशेब केला. पंख्यावर सहा अश्वशक्ती म्हणजे साडेचार किलोवॅट. मोटर-कंट्रोलरचा घट धरून सव्वापाच. तीन तासांना सोळा युनिट. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी किलोमागे साधारण शंभर वॅट-तास देते, म्हणजे एकशे साठ किलो, आणि परत यायची खात्री हवी म्हणून त्याच्या निम्मी आणखी. खाडीत नांगरलेल्या होडीला चार्जिंग कुठून? केरळात वैकमला ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट २०१७ पासून चालते, पण तिचा मार्ग ठरलेला, धक्का ठरलेला, छप्पर मोठं. कांडाळीच्या होडीचं तसं नाही.

२० जुलै २०२५

राहिली आऊटबोर्डं. टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकची बाजू काकांनी मांडली आणि चांगली मांडली. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ३६ किलोच्या आसपास, फोर-स्ट्रोक ४५ ते ५२. मशीन रोज संध्याकाळी काढून घरी आणायचं असतं : चोरीची भीती, आणि गोड्या पाण्यानं धुवायचं असतं. छत्तीस किलो एक माणूस खांद्यावर टाकून आणतो. पन्नास किलोला दोघं लागतात. "दोघा लागतत तर दुसरो खयसून हाडू? जोडीदार लिलावाक जाता." लाटेत होडी उलटली आणि मशीन बुडालं, तर टू-स्ट्रोक त्याच दिवशी उघडून, पाणी काढून, पेट्रोलनं धुऊन सुरू करतात. फोर-स्ट्रोकच्या ऑईलमध्ये पाणी गेलं की काम वाढतं. आणि फोर-स्ट्रोक कुठल्याही कुशीवर आडवं टाकून चालत नाही, ठरलेल्या बाजूवरच.

दुसरी बाजू : रोज तीन लिटर पेट्रोल कमी, वर मिसळायचं ऑईल वाचतं. महिन्याला वीस-बावीस दिवस दर्यावर गेलं तर साठ-पासष्ट लिटर. फोर-स्ट्रोक महाग आहे, पण एवढी बचत असेल तर किमतीतला फरक काही हंगामांत निघतो. आणि एक गोष्ट काकांनी स्वतःच सांगितली, की मंद चालवताना टू-स्ट्रोकचे प्लग काळे होतात. जाळं सोडताना मशीन मंदच असतं.

पेट्रोलचा नवा त्रास दोघांनाही सारखाच. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. आऊटबोर्डच्या पुस्तिकांत साधारण दहा टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कोकणात ओल सोडून हवेत आहे काय? पाणी ठराविक प्रमाणापुढे गेलं की ते इथेनॉलसह खाली बसतं आणि मशीन नेमकं तेच ओढतं. टू-स्ट्रोकमध्ये तर तेव्हा वंगणाशिवाय पाणी-इथेनॉल आत जातं, पिस्टनला ते जास्त घातक. उपाय माहीत आहेत : पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि मशीनच्या मधे, दिवसाला लागेल तेवढंच पेट्रोल, पावसाळ्यात टाकी आणि कार्बोरेटर कोरडे, रबरी नळ्या दर हंगामाला तपासायच्या. हा त्रास डिझेलला नाही, हे लिहिताना पुन्हा एकदा अडीच फुटांचा राग आला.

२७ जुलै २०२५

ठरलं. फोर-स्ट्रोक, १५ अश्वशक्ती, लाँग शाफ्ट (खाली लांब उतरणारा दांडा), दोरीचं स्टार्ट, इलेक्ट्रिक स्टार्ट नाही.

१५ का, ९.९ का नाही : बऱ्याच कंपन्यांत ९.९ आणि १५ चा ब्लॉक एकच असतो, वजन जवळपास तेच. वजन उचलायचंच आहे तर मुखावरच्या लाटेसाठी जोर हाताशी असलेला बरा. रोजच्या चालीला निम्म्या थ्रॉटलवर राहायचं.

कार्बोरेटर की इंजेक्शन यावर काका आणि मी दोन टोकांना होतो. बॅटरीशिवाय चालणारं इंजेक्शन आता या आकारात मिळतं, सुरू व्हायला सोपं, पेट्रोल आणखी कमी. पण ते बिघडलं तर लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉपवाला माणूस फोन उचलेल तेव्हा. काकांचं म्हणणं मान्य केलं. कार्बोरेटर.

वाहून आणायचं काय? जोडीदाराच्या मेहुण्याची हातगाडी आहे, मासळीचे क्रेट ओढायची. तिच्यावर मशीन उभं टांगायला लाकडी आडवी फळी ठोकून देतो. खाडीच्या बाजूला पायवाट सपाट आहे. वाळूच्या बाजूला हे जमलं नसतं.

सरकारी योजनेची कागदपत्रं चुलतभाऊ बघतोय. एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा मिळाल्याचं जाहीर झाल्यापासून काका बँकेत दोनदा जाऊन आले. नोंदण्यासारखं अजून काही हाती नाही.

१० ऑगस्ट २०२५

होडी आली. परवा नारळी पौर्णिमा झाली, आज होडीला हळदकुंकू, नारळ. नाळ (होडीचं पुढचं टोक) छान उचललेली आहे, मुखावरच्या लाटेला बरी पडेल.

मागची फळी मापली : वरच्या कडेपासून तळापर्यंत वीस इंचांना थोडी जास्त. लाँग शाफ्टला बरोबर. मशीनच्या पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि नुसता गरगरतो. फार खाली गेली तर पाण्याचा अडथळा वाढतो. फळीच्या आत प्लाय आहे, वर फायबर. बोल्टची भोकं मोठी पाडून आतून रेझिननं कडा बंद केल्या, मग बोल्ट. हे केलं नाही तर भोकातून पाणी प्लायमध्ये जातं आणि चार-पाच वर्षांत मशीनसकट फळी हलायला लागते. शेडवाल्याला हा उगाच उद्योग वाटला. वाटू दे.

नवीन मशीन गणपतीनंतर येणार. तोपर्यंत जुनं ९.९ लावलंय, तेही लाँग शाफ्टच. एका अर्थी बरंच झालं : एकाच होडीवर दोन्ही मशीनांचं पेट्रोल मापता येईल.

३० ऑगस्ट २०२५

गणपतीला चुलतभाऊ आलेत. नवी होडी पाहून त्यांच्या डोक्यात डॉल्फिन सफर. सुट्टीत पर्यटक न्यायचे तर ४० अश्वशक्ती हवी वगैरे. मासेमारीची नोंदणी असलेल्या होडीत प्रवासी नेता येत नाहीत, त्याला मेरीटाईम बोर्डाचा वेगळा परवाना, वेगळी तपासणी, विमा. काकांनी वादच घातला नाही. मोदक वाढायला सांगितले.

जुन्या मशीनचं माप : काका नेतील त्या चालीला तासाला २.९ लिटर. मे महिन्यातल्या कागदाच्या अगदी जवळ.

१४ सप्टेंबर २०२५

नवीन मशीन लागलं. पहिले दहा तास पूर्ण थ्रॉटल द्यायचं नाही, हे काकांना पटवणं सोपं गेलं. ते एरवीही देत नाहीत. मशीनचा नंबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोंदणीत चढवायला अर्ज दिला.

काकांची पहिली तक्रार : आवाज नाही. मंद चालवताना मशीन चालू आहे की बंद ते कळत नाही, म्हणून ते सारखे मागे वळून पाण्याची धार बघतात. धार बघायची सवय चांगलीच. थंड करणारं पाणी फिरतंय याची तीच खूण. वाळूच्या पाण्यातून रोज जायचं असल्यामुळे पंपाचं इंपेलर (पाणी ढकलणारं रबरी चक्र) दरवर्षी बदलणार.

२१ सप्टेंबर २०२५

सर्वपित्री अमावास्या, उधाण. बांबू घेऊन पुन्हा मुखावर. वाट भोगव्याच्या बाजूला चांगलीच सरकली आहे, आणि सगळ्यात उथळ जागी पाणी दोन फुटांना थोडं वर. मे महिन्यापेक्षा कमी. मशीन उथळ पाण्याच्या खाचेवर अर्धं उचलून, सावकाश, पंखा वाळू ढवळत आत आलो. खाडीतली एक इनबोर्डवाली होडी तेव्हा बाहेर नांगर टाकून उभी होती, भरतीची वाट बघत.

५ ऑक्टोबर २०२५

‘शक्ती’ चक्रीवादळाचा इशारा आहे, होड्या बाहेर नाहीत. खाडीत पंख्याचं काम उरकलं.

टॅकोमीटरची वायर प्लगच्या केबलला गुंडाळून फेरे मोजले. होडीत वजन म्हणून वाळूची पोती टाकली. पूर्ण थ्रॉटलला ४,६००. पुस्तिकेत या मशीनला ५,००० ते ६,००० हवेत. म्हणजे सोबत आलेला ९ पिचचा पंखा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा जेवढे इंच पुढे सरकायला बघतो ते) आमच्या वजनाला भारी. तो हलक्या, पळणाऱ्या बोटींसाठी असतो. त्यानं मशीन धापा टाकतं, कार्बन धरतं, पेट्रोल खातं. पिच एक इंच कमी केला की फेरे दीडशे-दोनशेनं वाढतात. ७ पिचचा पंखा लावला : ५,०००च्या किंचित वर. पूर्ण वेग तेवढाच राहिला, पण लाटेत होडी आता ओढ घेते, हे काकांना पहिल्याच वळणाला कळलं.

विकणारे मशीनसोबत येईल तोच पंखा देतात. भरल्या होडीवर फेरे मोजल्याशिवाय मशीन कमी पडतंय म्हणून पुढच्या आकाराचं घेणारे किनाऱ्यावर बरेच असतील, असा माझा दाट संशय आहे.

वीस तासांचं पहिलं ऑईल गेल्या आठवड्यात बदललं. मशीनऐवजी स्वतः गंजणारा झिंकचा तुकडा शाबूत.

१९ ऑक्टोबर २०२५

नवीन पंख्यानंतरचं माप, त्याच चालीला : तासाला १.८ लिटर. जुन्याच्या मानानं तासाला १.१ कमी. दिवसाला तीन लिटरांहून थोडं जास्त वाचतं, ऑईल वेगळं. डिझेलनं आणखी वाचवलं असतं.

जुनं ९.९ विकायचं नाही असं काकांनी जाहीर केलंय. त्याच्यासाठी मागच्या फळीच्या डाव्या कडेला दुसरी बैठक हवी आहे, लांब जायच्या दिवशी जोडीला न्यायला. छत्तीस किलो डाव्या बाजूला म्हटल्यावर बर्फाची पेटी उजवीकडे सरकवावी लागेल. बैठकीचा प्लाय आणलाय. दिवाळीनंतर शंभर तासांचं सर्व्हिसिंग येईल, तेव्हा होडी एक दिवस उभीच असणार. त्याच दिवशी दोन्ही कामं.